पेशी मरायच्याच थांबल्या: डोपामिन न्यूरॉनच्या एका सेल मॉडेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या बायोटेक विभागातलं हे प्रकरण आहे. नावं काढलीत, ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण प्रयोगांचा क्रम तसाच ठेवलाय, कारण सगळी गंमत त्या क्रमातच आहे. मी तिथली कल्चर रूम सांभाळायचो, त्यामुळे बहुतेक प्लेटा माझ्या डोळ्यांसमोरूनच गेल्या.

पीएचडीची स्कॉलर सोलापूर भागातली, घरची डाळिंबाची बाग. दाणे आणि ज्यूस काढणाऱ्या युनिटमध्ये सालीचे ढीग पडतात आणि त्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरट रसायनं, भरपूर, खास करून प्युनिकॅलॅजिन, हे तिला माहीत होतं. मग विषय ठरला: डाळिंबाच्या सालीचा अर्क पार्किन्सन्समध्ये डोपामिन न्यूरॉन वाचवू शकतो का. ऐकायला छान, फंडिंगवाल्यांनाही आवडणारा, कारण शेती पण आली आणि आजार पण आला.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पार्किन्सन्समध्ये मिडब्रेनच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातले डोपामिन बनवणारे न्यूरॉन हळूहळू मरतात. दोन्ही बाजू मिळून हे न्यूरॉन असतात काही लाखच, आणि हात थरथरणं, हालचाल मंदावणं दिसायला लागेपर्यंत त्यातले निम्म्याच्या आसपास किंवा जास्त गेलेले असतात. एल-डोपा गोळी १९६० च्या दशकापासून आहे, तिने पेशंट चालायला लागतो, पण आतली मरामर ती थांबवत नाही. मरामर थांबवणारं सिद्ध झालेलं एकही औषध आजपर्यंत हातात नाही. जिवंत माणसाच्या मेंदूतून हे न्यूरॉन काढून बघता येत नाहीत, म्हणून मग प्लेटमध्ये त्यांच्याजागी कुणीतरी बसवायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे सेल मॉडेल.

हेच मॉडेल का घेतलं

जगभर जे घेतात तेच घेतलं, एसएच-एसवाय५वाय. १९७० मध्ये एका चार वर्षांच्या मुलीच्या बोन मॅरोमधून न्यूरोब्लास्टोमाच्या, म्हणजे नर्व्हच्या कॅन्सरच्या, पेशी घेऊन न्यूयॉर्कला एक लाइन बनवली, तिच्यातून एकेक करून तीनदा क्लोन काढत गेले तेव्हा ही मिळाली. माणसाची पेशी, डीएमईएम (पेशी वाढवायचं तयार पोषक द्रावण, म्हणजे मीडिया) आणि दहा टक्के सिरममध्ये मजेत वाढते, लिक्विड नायट्रोजनमधून काढली की बहुतेक वेळा जगतेच. डोपामिन बनवायचं पहिलं एन्झाइम, म्हणजे टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, आपण टीएच म्हणू, ते तिच्यात असतं. बजेट बेताचं असलेल्या विभागाला अजून काय पाहिजे.

पण हा कॅन्सर आहे आणि तो सिम्पथेटिक नर्व्हच्या वंशातला आहे, मिडब्रेनचा नाही. ती डोपामिनपाशी थांबत नाही, पुढे नॉरअ‍ॅड्रेनलिन बनवायचं एन्झाइमही बाळगते. डोपामिन आत ओढणारा ट्रान्सपोर्टर, डॅट, फार कमी. आणि ती विभागत राहते, जे कुठलाच न्यूरॉन करत नाही. हे सगळं स्कॉलरच्या सिनॉप्सिसमध्ये लिहिलेलं होतं बरं का, लिमिटेशन म्हणून एका परिच्छेदात. लिहिलं आणि पुढे गेली, सगळेच जातात.

विष म्हणून घेतलं ६-ओएचडीए, म्हणजे ६-हायड्रॉक्सिडोपामिन, डोपामिनसारखंच दिसणारं रसायन. प्रयोग असा: ९६ वेलची, म्हणजे खळग्यांची, प्लेट, आधी एक तास अर्क, मग तो न धुता त्याच मीडियात शंभर मायक्रोमोलर ६-ओएचडीए, दुसऱ्या दिवशी एमटीटी टाकायचं, जांभळा रंग आला म्हणजे पेशी जिवंत, रीडरवर ५७० ला रीडिंग घ्यायचं. विषवाल्या वेलमध्ये रंग फिका, अर्क प्लस विषवाल्या वेलमध्ये रंग जवळजवळ कंट्रोलइतका गडद. डोस वाढवला की रंग वाढतो, एकदम सुंदर पायऱ्या. मॅडम, म्हणजे तिच्या गाइड, खूश, एका कॉन्फरन्सला अ‍ॅबस्ट्रॅक्टही गेला, त्यात न्यूरोप्रोटेक्टिव्ह हा शब्द ठळक.

अडचण

आणि मग पेशी मरायच्याच थांबल्या.

म्हणजे तोच डोस, तोच हात, तीच लाइन, पण विषवाल्या वेलमध्ये दुसऱ्या दिवशी पेशी आरामात चिकटून बसलेल्या. विषाने मरतच नाहीत तर अर्क वाचवणार कुणाला. स्कॉलरला पहिला संशय आला विषावर, आणि तो रास्तच होता कारण ६-ओएचडीए फार लवकर बिघडतं, थंड अ‍ॅस्कॉर्बेटमध्ये ताजं बनवायचं, अंधारात ठेवायचं, सोल्युशन गुलाबी-तांबूस झालं की फेकून द्यायचं. ती हे सगळं पाळत होती तरी नवीन व्हायल मागवली, परचेसच्या फायलीतून ती यायला जो वेळ लागायचा तो लागला, आणि नवीन व्हायलनेही पेशी मेल्या नाहीत. मग मायकोप्लाझ्मा, म्हणजे कल्चरमध्ये गुपचूप शिरणारा बॅक्टेरिया, तपासला, नाही निघाला. जुन्या पॅसेजची, म्हणजे कमी वेळा पुढे वाढवलेल्या पेशींची, गोठवलेली व्हायल थॉ केली, फरक नाही. लॅबमध्ये मग कुजबुज सुरू होते तशी झाली, की आधीचे निकाल तरी खरे होते का.

उत्तर सापडलं ते प्रोजेक्टला आलेल्या एका एमएससीच्या मुलीला. तिला मीडिया बनवायच्या रजिस्टरमध्ये नोंदी करायचं काम दिलेलं, तिने जुन्या आणि नव्या बाटलीचे कॅटलॉग नंबर लिहिताना विचारलं की मॅडम, हे दोन वेगळे का आहेत. दोन्ही डीएमईएम, दोन्ही हाय ग्लुकोज, पण रेट कॉन्ट्रॅक्ट बदललं तेव्हा नवीन आलेल्यात सोडियम पायरुव्हेट होतं आणि जुन्यात नव्हतं. लेबलवर बारीक अक्षरात, एक मिलिमोलर.

पायरुव्हेट हे पेशीचं खाद्य म्हणून घालतात, पण ते अजून एक काम करतं, हायड्रोजन पेरॉक्साइड दिसलं की त्याच्याशी थेट रिअ‍ॅक्ट होऊन ते संपवतं. त्याला एन्झाइम लागत नाही, पेशी लागत नाही, नुसत्या मीडियातही होतं. आणि ६-ओएचडीए ३७ डिग्रीला मीडियात पडलं की काही मिनिटांतच स्वतःहून ऑक्सिडाइज व्हायला लागतं आणि काय सोडतं, तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्विनोन नावाची दुसरी मारक रसायनं. आता जोडा दोन्ही. नवीन बाटलीने पेशी वाचत होत्या याचा अर्थ जुन्या बाटलीत त्या मरत होत्या त्या मुख्यतः बाहेर, मीडियात तयार झालेल्या पेरॉक्साइडने. डोपामिनशी त्याचा संबंध जवळपास नव्हता. त्या जागी लिव्हरची किंवा त्वचेची पेशी ठेवली असती तरी अशीच मेली असती.

माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच, आणि तो एका खरेदीच्या अपघाताने आला.

समोरचे पर्याय

मॅडमनी मीटिंग लावली आणि विभागातून जर्मनीला पोस्टडॉकला गेलेल्या एका सीनियरलाही कॉलवर घेतलं. तिथे जे बोललं गेलं ते जवळपास तसंच देतो, कारण असे प्रसंग बऱ्याच लॅबमध्ये येतात आणि बहुतेक ठिकाणी पहिला किंवा दुसरा पर्याय निवडून विषय मिटवतात.

पहिला पर्याय, डोस वाढवायचा. पायरुव्हेट असलं तरी तीनशे-चारशे मायक्रोमोलरला पेशी मरतातच. स्कॉलरने गुपचूप एक प्लेट करून पण बघितली होती, मेल्या, पण अर्काचा फायदा तिथे दिसेना. बरोबरच आहे, त्या डोसला पेरॉक्साइडपेक्षा क्विनोनचा मार जास्त असणार, म्हणजे विष तेच पण मरायची तऱ्हा वेगळी.

दुसरा पर्याय, जुनी बाटली परत मागवायची आणि काम पूर्ण करायचं. पेपरात मीडिया म्हणून नुसतं डीएमईएम लिहिलं की कुणी विचारणार नाही. हा पर्याय टेबलावर होता हे लपवण्यात अर्थ नाही. फेलोशिप संपत आलेली, दोन पेपर लागतात, आणि खोटं तर काहीच लिहायचं नव्हतं. मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "रिव्ह्यूअर विचारणार नाही गं, पण आता आपल्याला माहीत आहे ना."

तिसरा, मॉडेलच बदलायचं. यात तीन उपपर्याय निघाले. एक लुहमेस, म्हणजे स्वीडनच्या लुंडमध्ये मानवी भ्रूणाच्या मिडब्रेनमधून बनवलेली लाइन, तिच्यात पेशी विभागत ठेवणारं मिक जीन टेट्रासायक्लिनने बंद करता येतं, बंद केलं की विभागणं थांबवून आठवड्याभरात न्यूरॉनसारखी होते, डॅट असतो, आणि एमपीपी प्लस या डोपामिन न्यूरॉनच्या विषाला मायक्रोमोलरमध्येच मरते. दुसरा, उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, चौदा दिवसांच्या भ्रूणाच्या मिडब्रेनचं प्रायमरी कल्चर. तिसरा आयपीएस पेशी, पेशंटच्या त्वचेपासून किंवा रक्तापासून बनवलेल्या स्टेम सेलमधून डोपामिन न्यूरॉन. तिसऱ्यावर मॅडम हसल्या, कारण ग्रोथ फॅक्टरचा एका बॅचचा खर्च म्हणजे आमचं वर्षाचं कन्झ्युमेबल बजेट, आणि न्यूरॉन पिकायला आठवडे नाही तर महिने. शिवाय त्यात एक वेगळीच मेख आहे, रीप्रोग्रॅमिंगमध्ये पेशीचं वय पुसलं जातं, म्हणजे सत्तरीतल्या पेशंटची पेशी घेतली तरी हाती येतो कोवळा न्यूरॉन, आणि आजार तर म्हातारपणाचा.

चौथा पर्याय सीनियरने मांडला, आणि तो पर्यायापेक्षा प्रश्न जास्त होता. "अगं, मॉडेल नंतर बदल. आधी मला सांग, तुझ्या प्लेटमध्ये पेशी मरते कशाने? ते माहीत नसताना वाचली का हे विचारून काय उपयोग?"

त्याने सीईपी-१३४७ चं उदाहरण दिलं. हे औषध मिक्स्ड लिनिएज कायनेज अडवून पुढचा जेएनके हा मृत्यूचा मार्ग बंद करतं. पेशींमध्ये एमपीपी प्लसपासून वाचवलं, प्राण्यांत वाचवलं, लुहमेसमध्येसुद्धा डोपामिनमुळे होणाऱ्या ऱ्हासापासून वाचवलं, २००५ चा पेपर आहे. आणि त्याच २००५ मध्ये ८०० हून जास्त पेशंटवरची प्रीसेप्ट ट्रायल मध्येच थांबवावी लागली कारण फायदा दिसायची शक्यताच उरली नव्हती. ती तर आमच्यापेक्षा कितीतरी चांगली मॉडेल्स होती. माझं वैयक्तिक मत असं की तिथे मॉडेल खोटं नव्हतं, मॉडेलमध्ये पेशी एका रस्त्याने काही तासा-दिवसांत मरते आणि माणसात बहुधा अनेक रस्त्यांनी, वर्षानुवर्षं, त्यामुळे एक रस्ता बंद केल्याचा फायदा प्लेटमध्ये प्रचंड दिसतो. असो, हे माझं.

ठरलं असं की आधी चौथा, मग पैसे आणि परवानगी जमेल तेवढा तिसऱ्यातला प्रायमरी कल्चरचा भाग.

काय केलं

पहिली प्लेट पेशींशिवायची. नुसता मीडिया, अर्क आणि एमटीटी. दोन तासांनी बघितलं तर वेल जांभळ्या! पेशी एकही नाही आणि रंग आलेला. टॅनिन स्वतःच एमटीटीला रिड्यूस करून फॉर्मझान, म्हणजे तोच जांभळा रंग, बनवतात, त्यांना पेशीच्या एन्झाइमची गरजच नाही. म्हणजे आधीच्या त्या सुंदर पायऱ्यांमधला काही भाग पेशींचा होता आणि काही भाग नुसत्या सालीचा. स्कॉलर त्या दिवशी डबा न खाता घरी गेली.

यावर उपाय अवघड नाही. एमटीटी टाकायच्या आधी अर्कवाला मीडिया काढून दोनदा पीबीएसने धुवायचं, आणि शिवाय एमटीटीवर एकट्यावर विसंबायचं नाही. त्यांनी सोबत एलडीएच रिलीज, म्हणजे फुटलेल्या पेशीतून बाहेर येणारं एन्झाइम, मोजला, प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशी रंगवणारा) आणि हेक्स्ट (सगळे न्यूक्लियस रंगवणारा) यांचा डबल स्टेन घेऊन मायक्रोस्कोपखाली मोजणी केली. एलडीएचमध्येही टॅनिन नडतात, प्रोटीनला चिकटतात आणि एन्झाइमचं काम दाबतात, त्यामुळे तिथेही अर्क घातलेला कंट्रोल लागला. शेवटी सगळ्यात विश्वासाची ठरली ती न्यूक्लियस मोजणं ही जुनी कंटाळवाणी पद्धत, आणि मोजणाऱ्याला कुठली वेल कुठली हे सांगायचं नाही.

दुसरी प्लेट कॅटालेजची. जुन्या पद्धतीचा पायरुव्हेट नसलेला मीडिया, त्यात ६-ओएचडीए आणि सोबत कॅटालेज. कॅटालेज हे मोठं प्रोटीन, पेशीच्या आत सहजासहजी जात नाही, ते बाहेरचंच पेरॉक्साइड मोडणार. पेशी बऱ्याच अंशी वाचल्या. म्हणजे मारणारा मुख्यतः बाहेर होता हे नक्की झालं. इथे एक सांगून ठेवतो, प्रत्येक लॅबमध्ये असंच निघेल असं नाही, काहींच्या सेटअपमध्ये क्विनोनचा वाटा मोठा निघालाय, सिरम किती, मीडियात लोह किती, पेशी किती दाट यावर ते बदलतं. म्हणून दुसऱ्याच्या पेपरातून हे उचलायचं नाही, आपल्या प्लेटवर बघायचं.

तिसरी धुवायची. अर्क आधी एक दिवस ठेवला, मग पूर्ण धुऊन काढला, मग विष. पेशीच्या आत खरोखर काही संरक्षण उभं राहत असेल, म्हणजे एनआरएफ-टू वगैरे पेशीच्या बचावाचे स्विच जागे होऊन ग्लुटाथायोन हा आतला अँटिऑक्सिडंट वाढत असेल, तर धुतल्यावरही ते टिकलं पाहिजे. नाही टिकलं. थोडासा कल दिसायचा एका डोसला, पण पुढच्या पॅसेजला गायब. एकत्र ठेवलं तरच फायदा, धुतलं की नाही, याचा सरळ अर्थ अर्क मीडियातच विषाशी झटापट करत होता. एका हातात साबण आणि एका हातात चिखल घेऊन बादलीतच दोन्ही कालवले आणि म्हणायचं की साबणाने त्वचेचं रक्षण केलं, असला तो प्रकार.

मग विष बदललं. एमपीपी प्लसची कथा बहुतेकांना माहीत असते, १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात नकली हेरॉइन टोचून घेतलेली काही तरुण माणसं अचानक पार्किन्सन्ससारखी जखडली, त्यातून एमपीटीपी सापडलं, मेंदूत त्याचं एमपीपी प्लस होतं, ते डॅटमधून न्यूरॉनमध्ये शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघराचा, कॉम्प्लेक्स वन हा टप्पा बंद करतं. पण आमच्या पेशीत डॅट जेमतेम, त्यामुळे मिलिमोलरमध्ये घालावं लागलं, जे खऱ्या डोपामिन न्यूरॉनला मायक्रोमोलरमध्ये पुरतं. म्हणून रोटेनॉन घेतलं, तेही कॉम्प्लेक्स वनच अडवतं पण त्याला शिरायला दार लागत नाही.

आणि रोटेनॉननेही पेशी हव्या तशा मरेनात! इथे ग्लुकोज आडवं आलं. हाय ग्लुकोज डीएमईएममध्ये लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं, कॅन्सरची पेशी त्यावर ग्लायकोलिसिस करून, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाशिवाय साखर फोडून, एटीपी ही ऊर्जा बनवते, मायटोकॉन्ड्रिया बंद पडला तरी तिचं भागतं. याला क्रॅबट्री इफेक्ट म्हणतात, १९२९ पासून माहीत आहे. मेंदूतला न्यूरॉन मात्र मायटोकॉन्ड्रियावर फार अवलंबून, त्यात डोपामिन न्यूरॉन तर स्वतःहून सतत फायर होत असतो आणि त्याच्या अ‍ॅक्सॉनच्या फांद्यांचा पसारा अवाढव्य, म्हणजे ऊर्जेची मागणी कायम चढलेली. तेव्हा ग्लुकोज काढून दहा मिलिमोलर गॅलॅक्टोज घातलं, सिरम डायलाइज्ड घेतलं कारण साध्या सिरममध्येही ग्लुकोज असतं, पेशींना काही दिवस जुळवून घ्यायला दिले. वाढ मंदावली, पण आता रोटेनॉनचे नॅनोमोलर डोस लागू पडायला लागले. या सेटअपमध्ये अर्काने काही वाचवलं नाही.

डिफरन्शिएशनवर बराच वाद झाला. रेटिनॉइक अ‍ॅसिड दहा मायक्रोमोलर, सिरम एक टक्का, आठवडाभर ठेवलं की एसएच-एसवाय५वायला छान लांब न्यूराइट येतात आणि फोटो सुरेख दिसतात. पण नुसत्या रेटिनॉइक अ‍ॅसिडने पेशी कोलिनर्जिककडे, म्हणजे डोपामिनऐवजी अ‍ॅसिटिलकोलिन बनवणाऱ्या न्यूरॉनकडे, झुकते असं बऱ्याच जणांना दिसलंय, डोपामिनकडे न्यायचं तर पुढे टीपीए हा फॉर्बॉल एस्टर घालतात. त्यात रेटिनॉइक अ‍ॅसिड स्वतःच एकेटीचा जगवणारा मार्ग चालू करतं, म्हणजे पेशी विषाला आधीच दमदार उभी. मॅडम म्हणाल्या फोटोसाठी करू नका, टीएच आणि डॅटचा वेस्टर्न, म्हणजे प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी, करा, वाढलं तरच वापरा. टीएच थोडं वाढलं, डॅट समाधानकारक नव्हता, ते सोडून दिलं. हा निर्णय मला पटला.

प्रायमरी कल्चरसाठी जवळच्या एका फार्मसी कॉलेजची मदत घेतली, त्यांच्याकडे अ‍ॅनिमल हाउस होतं आणि प्राणी-नैतिकता समितीकडून सुधारित परवानगी काढली. तिथे नवाच धडा मिळाला. मिडब्रेन कितीही नीट कापलं तरी कल्चरमध्ये टीएच असलेले न्यूरॉन शंभरात मोजकेच असतात, बाकी दुसरे न्यूरॉन आणि ग्लिया. मग एमटीटीने काय कळणार, सगळे डोपामिन न्यूरॉन मेले तरी रीडिंग हलणार नाही. टीएचचा अँटिबॉडी स्टेन करून एकेक पेशी मोजावी लागते. त्यात आणखी गाठ अशी की पेशी आजारी पडली की टीएच बनवणं कमी करते, म्हणजे दिसेनाशी झालेली प्रत्येक पेशी मेलेलीच असेल असं नाही. म्हणून सोबत एमएपी-टू चा, म्हणजे सगळेच न्यूरॉन दाखवणारा, स्टेन आणि न्यूक्लियसची मोजणी.

निकाल

रॅटच्या कल्चरमध्ये एमपीपी प्लस मायक्रोमोलर डोसला लागू पडलं, टीएच पेशी गेल्या आणि बाकीच्या बऱ्याचशा राहिल्या, म्हणजे मॉडेल तरी जे म्हणतं ते करत होतं. अर्काचा कमी डोस एका वेताच्या (एका आईच्या) भ्रूणांच्या कल्चरमध्ये किंचित बरा वाटला, दुसऱ्या वेताच्या कल्चरमध्ये नाही. जास्त डोसला अर्क एकटाच न्यूराइट आखडवत होता. थिसिसमध्ये हे असंच लिहिलं, की या माहितीवर संरक्षण आहे असं म्हणता येत नाही.

कॉन्फरन्सचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागे घेऊन त्याच विषयावर दुसरा दिला, पायरुव्हेट, कॅटालेज आणि टॅनिन-एमटीटीचा. पोस्टरपुढे गर्दी नव्हती, पण जे थांबले ते बराच वेळ थांबले, आणि दोघा-तिघांनी हळूच आपल्या डीएमईएमच्या बाटलीचा फोटो मागवून घेतला फोनवर. पेपर पद्धतींच्या अंगाने एका साध्या जर्नलमध्ये गेला. फेलोशिप मात्र संपली आणि शेवटचा काळ स्कॉलरने बिनपगारी काढला, घरून पैसे घेऊन. चांगलं विज्ञान केलं की सगळं आपोआप जुळून येतं असं कुणी सांगत असेल तर त्याला हा भाग वाचायला द्यावा.

वेगळं काय करता आलं असतं

पेशींशिवायची प्लेट पहिल्याच आठवड्यात लावता आली असती, तिला पैसे लागत नाहीत. वनस्पतीचा कुठलाही रंगीत किंवा तुरट अर्क असेल, हिरडा, आवळा, हळद काहीही, तर ही प्लेट झाल्याशिवाय एमटीटीचं रीडिंग वहीत लिहूच नये असं माझं मत. कॅटालेज आणि पायरुव्हेटची प्लेटही ६-ओएचडीएच्या पहिल्या डोस कर्व्हसोबतच व्हायला हवी होती. मायकोप्लाझ्मा तपासला तो संकट आल्यावर, आणि एसटीआर प्रोफाइल, म्हणजे लाइन खरंच तीच आहे का याची डीएनए तपासणी, तर शेवटी रिव्ह्यूअरने मागितल्यावर केलं, नशिबाने दोन्ही ठीक निघालं.

पण सगळ्यात मोठा चुकलेला निर्णय प्लेटच्या आधीचा आहे, आणि तो मीटिंगमध्येही कुणाच्या लक्षात आला नाही, व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकाने काढला. डाळिंबाची साल खाल्ली तर प्युनिकॅलॅजिन जसंच्या तसं मेंदूपर्यंत जातच नाही. त्याचं एलाजिक अ‍ॅसिड होतं, तेही फारसं शोषलं जात नाही, मग आतड्यातले बॅक्टेरिया त्यापासून यूरोलिथिन बनवतात आणि रक्तात मुख्यतः तीच सापडतात. त्यातही यूरोलिथिन ए सगळ्यांच्या आतड्यात तयार होत नाही, ज्याच्या त्याच्या बॅक्टेरियावर आहे. मग अख्खा अर्क थेट न्यूरॉनवर ओतून आपण नक्की कुठल्या परिस्थितीचं मॉडेल करत होतो, असं त्यांनी विचारलं. स्कॉलरकडे उत्तर नव्हतं, मॅडमकडेही नव्हतं. यूरोलिथिन ए वर तर खराब मायटोकॉन्ड्रिया साफ करण्याच्या, म्हणजे मायटोफॅजीच्या, अंगाने चांगलं काम झालेलं आहे, आणि पिंक-वन आणि पार्किन ही पार्किन्सन्सची दोन जीन्स त्याच रस्त्यावर बसलेली आहेत. म्हणजे प्रश्न तिथून सुरू केला असता तर डाळिंबही राहिलं असतं आणि गॅलॅक्टोज-रोटेनॉनचं मॉडेलही नेमकं कामाचं ठरलं असतं.

मी यात एका गोष्टीवर मॅडमशी सहमत नाही. त्या आता एसएच-एसवाय५वाय लॅबमधून काढून टाकायच्या म्हणतात. मला वाटतं ती लाइन राहू द्यावी, मायटोकॉन्ड्रियाच्या प्रश्नांसाठी, अल्फा-सायन्युक्लिन, म्हणजे पार्किन्सन्समध्ये साचणारं प्रोटीन, जास्त बनवून बघण्यासाठी, विषाचा अंदाज घेण्यासाठी ती चांगली आहे, फक्त तिच्या निकालाला डोपामिन न्यूरॉन जगले असं म्हणायचं नाही. नवीन प्रपोजलमध्ये तडजोड झालीये: यूरोलिथिन ए, पहिली चाळणी गॅलॅक्टोजमधल्या एसएच-एसवाय५वायवर, पुढचं लुहमेसवर, आणि लुहमेसच्या ट्रेनिंगसाठी स्कॉलर त्या सीनियरच्या लॅबला जाणार, व्हिसाची फाइल लागली आहे. परचेसच्या इंडेंट फॉर्मवर एक रकाना वाढवलाय, पायरुव्हेट आहे की नाही. मागच्या ऑर्डरला तो भरूनही दुसरीच बाटली आली होती, ती एमएससीच्या त्याच मुलीने दारातूनच परत पाठवली.